नव्या तारा लावल्या की फ्लामेंको गिटार बिघडल्यासारखी का वाजते? आणि त्यावर करायचं काय?

२०११ साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांना फ्लामेंको नावाची काही गोष्ट असते हे पहिल्यांदा कळलं. 'सेनोरिटा' गाण्यातल्या त्या टाळ्या, त्या टाचा आणि मागे तडतड वाजणारी ती गिटार. पुढे युट्यूब आणि रील्सनी उरलेलं काम केलं. आज पुण्या-मुंबईत नायलॉन तारांची गिटार घेऊन घरीच फ्लामेंको शिकणारी पोरं-पोरी सापडतात.

शिकणाऱ्यांपैकी जवळपास प्रत्येकावर एक वेळ येते. सहा-आठ महिने झाले की तारा काळपट पडतात, म्हणून नवीन सेट मागवला जातो. मोठ्या हौसेने तारा बदलल्या जातात आणि पहिला फटका मारला की वाटतं, ही आपली गिटारच नाही. खर्जाच्या तारा पियानोसारख्या घुमतात. बोट सरकवलं की 'च्वीक' असा आवाज येतो. दर दोन मिनिटांनी सूर उतरतो. काल जी गिटार कोरडी आणि ठसठशीत वाजत होती, ती आज स्टीलच्या ताटावर चमचे पडावेत तशी खणखणते.

मग सुरू होतो खर्च. कुणी गिटार दुरुस्तीला नेतं, कुणी लगेच दुसऱ्या कंपनीचा सेट मागवतं, कुणी ब्रिजवरची पट्टी घासून घेतं. घासलेली पट्टी काही परत वाढत नाही. आणि बहुतेक वेळा गिटारला काहीही झालेलं नसतं.

तर नेमकं होतं काय?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. नव्या तारेचा खणखणाट हा तारेचा दोष नाही. इतर बरेच वादक त्यासाठीच तारा बदलतात. फ्लामेंकोची गरज मात्र उलटी आहे, आणि ती का उलटी आहे हे कळलं की उपाय आपोआप कळतात.

फ्लामेंको हा दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांतातला प्रकार. सेव्हिया, हेरेस, काडिझ ही त्याची गावं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे 'कॅफे कांतांते' सुरू झाले, म्हणजे गाणं-नाचणं चालणारी कॅफे. तिथल्या गिटारवाल्याचं काम होतं गाणाऱ्याला आणि नाचणाऱ्याला साथ देणं. माइक नाही, समोर लाकडी फळ्यांवर टाचा आपटतायत, बाजूला टाळ्या सुरू आहेत. अशा गोंगाटात गिटार ऐकू यायची तर तिचा आवाज चटकन फुटायला हवा आणि लगेच विरायलाही हवा. एक फटका दुसऱ्यात मिसळला की ताल गढूळ होतो.

आणि फ्लामेंकोत तालच सगळं काही आहे. त्याला ते 'कोंपास' म्हणतात. 'सोलेआ' या प्रकारात बारा मात्रांचं आवर्तन असतं, म्हणजे आपल्या एकतालाइतकंच. पण जोर येतो ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर. आधी तीन-तीनच्या उड्या, मग दोन-दोनच्या. हे वळण कानाला कळायचं तर दोन फटक्यांच्या मध्ये शांतता लागते.

आपल्या संगीतात तारेच्या रेंगाळणाऱ्या आवाजाला 'आस' म्हणतात. तानपुऱ्याची जवारी काढणारा कारागीर सगळी मेहनत करतो ती ही आस लांबावी म्हणून. फ्लामेंको गिटार बनवणारा नेमका उलट विचार करतो. पारंपरिक फ्लामेंको गिटारची पाठ आणि बाजू सायप्रसच्या हलक्या लाकडाची असते, अंगही पातळ असतं. तारा फ्रेटच्या अगदी जवळ असतात. क्लासिकल गिटारला बाराव्या फ्रेटवर सहावी तार साधारण ४ मिलिमीटर उंच असते, फ्लामेंकोला ३ च्या आसपास. त्यामुळे जोरात फटका मारला की तार फ्रेटला जरा घासते आणि एक खरखर येते. ही खरखर हवी असते बरं का! वर साउंडबोर्डवर प्लास्टिकची पातळ पट्टी चिकटवलेली असते, कारण वादक मध्ये मध्ये बोटाने लाकडावर ठोका देतो. थोडक्यात काय, तर ही गिटार अर्धी तालवाद्य आहे.

अशा वाद्यावर कोऱ्या करकरीत तारा चढल्या की तालवाद्याचा अर्धा भाग झाकला जातो. म्हणून ती 'बिघडल्यासारखी' वाटते.

आता तारेच्या आत काय चालतं ते बघू. सहापैकी खालच्या तीन, म्हणजे पातळ तारा, हा नायलॉनचा एकसंध धागा असतो. वरच्या तीन खर्जाच्या तारा वेगळ्या. त्यांच्या आत नायलॉनच्या बारीक तंतूंचा जुडगा असतो आणि त्यावर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते, स्प्रिंगसारखी. पूर्वी असं नव्हतं. पातळ तारा प्राण्यांच्या आतड्यापासून बनत आणि खर्जाच्या तारांचा गाभा रेशमाचा असे. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या दोऱ्याची चणचण झाली, कारण तोच दोरा शस्त्रक्रियेत टाके घालायला लागायचा. मग न्यूयॉर्कमधले आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनवल्या आणि विख्यात स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या. आज आपण ज्याला 'पारंपरिक' आवाज म्हणतो, त्यातलं नायलॉन असं जेमतेम ऐंशी वर्षांचं आहे.

तार छेडली की एकच सूर निघत नाही. सहावी तार साधारण ८२ हर्ट्झवर थरथरते, पण सोबत १६५, २४७, ३३० असे वरचे उपस्वरही निघतात. खणखणीतपणा या वरच्या उपस्वरांमुळे येतो. तार नवी असते तेव्हा गुंडाळीच्या वेढ्यांमधल्या खाचा स्वच्छ असतात. उपस्वरांना अडवणारं काही नसतं, ते बराच वेळ जिवंत राहतात. मग रोज तुमचा घाम, त्वचेचा तेलकटपणा, मेलेली त्वचा आणि धूळ त्या खाचांत बसत जाते. वेढे एकमेकांवर घासतात आणि त्यात ऊर्जा खर्च होते. फ्रेटवर आपटून गुंडाळी चपटी होते. या सगळ्याचा पहिला फटका वरच्या उपस्वरांना बसतो. आवाज कोरडा होतो, आस आखडते. म्हणजे तुम्हाला आवडणारा तो 'जुना' आवाज म्हणजे बऱ्याच अंशी मळ आणि झीज. ऐकायला किळसवाणं आहे, पण आहे तसंच आहे.

पातळ तारांचं दुखणं वेगळं. नायलॉन ताणलं की ते लगेच स्थिर होत नाही, तासन् तास सावकाश लांबत राहतं. म्हणून सूर उतरतो. खर्जाच्या तारा एक-दोन दिवसांत बसतात, पातळ तारांना तीन ते पाच दिवस लागतात. तोवर सतत सुरात आणत राहण्याला पर्याय नाही.

म्हणजे 'नव्या तारांचा आवाज' ही एक तक्रार नाहीच. त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या आहेत: खर्जाच्या तारांची लांबलेली आस, बोट घासल्याचा च्वीक आवाज आणि उतरणारा सूर. तिघींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे औषधंही वेगळी.

सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे कॅलेंडर. कार्यक्रम किंवा रेकॉर्डिंग असेल तर तारा आदल्या दिवशी बदलू नका. चार-पाच दिवस आधी बदला आणि त्या दिवसांत भरपूर वाजवा. नुसती गिटार कोपऱ्यात ठेवून सूर बसेल, पण खणखणाट तितकासा कमी होणार नाही, कारण घाम आणि झीज वाजवल्याशिवाय येत नाही. 'रास्गेआदो' म्हणजे बोटं उघडत सगळ्या तारांवर मारायचा फटका, आणि 'आल्सापुआ' म्हणजे अंगठ्याने वर-खाली मारायची पद्धत. या दोन्हींचा रोज तासभर रियाझ केला तर खर्जाच्या तारा आठवड्याच्या आत ताळ्यावर येतात. तारा लवकर जुन्या व्हायला हव्या असतील तर वाजवल्यावर त्या फडक्याने पुसणं काही दिवस बंद ठेवा.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. दमट हवेत आणि घामात तांब्याची गुंडाळी लवकर काळी पडते. त्यामुळे तुमच्या तारा कोरड्या हवेतल्या वादकापेक्षा आधी 'मरतील'. फ्लामेंकोवाल्याला सुरुवातीला याचा फायदाच होतो. पुढे मात्र तारा लवकर बदलाव्या लागतात.

सूर लवकर बसवायचा तर तार हाताने ताणता येते. सुरात आणा, बाराव्या फ्रेटजवळ पकडून हळूच सेंटिमीटरभर वर उचला, सोडा, पुन्हा सुरात आणा. असं काही वेळा करा. पातळ तारांना हे चालतं. खर्जाच्या तारांना जपून, जास्त ओढलं तर वेढे सुटे होतात आणि तार कायमची भदभदीत वाजते. खुंटीवर दहा-बारा वेढे गुंडाळायची सवय असेल तर तीही सोडा. दोन-तीन वेढे पुरतात. जितके वेढे जास्त, तितकी ढिलाई जास्त.

आता सगळ्यात उपयोगी युक्ती, जी मला स्वतःला सगळ्यात पटलेली आहे: सहाही तारा एकदम बदलूच नका. खर्जाच्या आणि पातळ तारा वेगवेगळ्या गतीने जुन्या होतात. आधी पातळ तारा बदला, त्या बसू द्या, मग खर्जाच्या बदला. किंवा एका आठवड्यात एकच तार. कुठल्याही वेळी गिटारवर थोडं नवं आणि बरंचसं जुनं राहतं, आणि आवाज एकदम उडी मारत नाही. खर्जातल्या तिघींत चौथी तार सगळ्यात आधी जाते, कारण तिची गुंडाळी सगळ्यात बारीक. ती एकटी बदलली तरी बऱ्याचदा भागतं.

च्वीक आवाजाचं काय? तो येतो बोट गुंडाळीच्या खाचांवरून सरकतं तेव्हा. नव्या तारेच्या खाचा रिकाम्या असतात, म्हणून आवाज मोठा. जागा बदलताना बोट तारेवरून फरफटत नेण्याऐवजी आधी जरा उचलायचं, ही सवय लागली की निम्मा आवाज जातो. हे क्लासिकल गिटारचे शिक्षक पहिल्या वर्षी सांगतात आणि आपण युट्यूबवर शिकणारे ते 'स्किप' करून पुढे जातो. गुंडाळी घासून गुळगुळीत केलेल्या खर्जाच्या तारा बाजारात मिळतात, त्या कमी किरकिरतात आणि पहिल्या दिवसापासून जरा मवाळ वाजतात. जुने वादक आणखी एक करतात. बोटाचं टोक नाकाच्या बाजूला घासतात. तिथला तेलकटपणा घर्षण कमी करतो. स्टेजवर करताना आजूबाजूला बघून करा एवढंच.

वाजवण्याच्या पद्धतीतही उपाय आहे. फ्लामेंकोत 'आपागादो' नावाची क्रिया आहे. फटका मारला की लगेच डाव्या हाताची करंगळी सगळ्या तारांवर आडवी टेकवायची आणि आवाज कापायचा. नव्या तारांच्या काळात हे जास्त वापरावं लागतं, आणि एका अर्थी ते बरंच आहे, कारण तारा मळण्याची वाट न बघता हाताने ताल स्वच्छ ठेवायची सवय लागते. उजवा हात ब्रिजजवळ असेल तर आवाज अधिक टोकदार येतो, साउंडहोलकडे सरकवला की गोलसर होतो. पहिले काही दिवस हात दोन बोटं आत घ्या. नखंही तपासा. कोऱ्या नायलॉनवर खडबडीत नखाची करकर लगेच कळते. अगदी बारीक सॅंडपेपरने कड गुळगुळीत केली की 'तारांची' वाटणारी अर्धी करकर गायब होते.

काही आवाज नव्या तारांच्या नावावर खपतात, पण ते खरं तर तारा लावताना झालेल्या चुकांचे असतात. ब्रिजमागे तारेचं उरलेलं टोक साउंडबोर्डला टेकत असेल तर ठराविक सुरांवर झिणझिण येते. टोक कापलं की विषय संपतो. तारेची जाडी आधीच्या सेटपेक्षा जास्त असेल तर ती वरच्या खाचेत नीट बसत नाही, सूर लावताना 'टक्' असा आवाज करून उडी मारते. आणि ब्रिजवरची गाठ. पातळ तारांचा शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबला गेला पाहिजे. नाहीतर पहिली तार ताणाखाली निसटते आणि तिचं टोक चाबकासारखं मऊ लाकडावर बसतं. तो डाग गिटारच्या अंगावर आयुष्यभर राहतो.

इथे एक सावधगिरीची सूचना, कारण ही चूक महाग पडते. कोरडा, मोठा आवाज हवा म्हणून नायलॉनच्या गिटारवर कधीही स्टीलच्या तारा चढवू नका. नायलॉनच्या सहा तारा मिळून साधारण ४० किलोंचा ताण देतात. अकूस्टिक गिटारच्या हलक्या स्टील तारांचा ताण ७० किलोंच्या वर जातो. फ्लामेंको गिटारचं पातळ अंग तो सोसत नाही. ब्रिज उखडतो किंवा साउंडबोर्ड फुगतो.

एवढं करूनही दहा दिवसांनी आवाज खणखणीतच राहिला तर मग तारांच्या जातीकडे बघायचं. पाकिटावर 'कार्बन' लिहिलंय का बघा. हे फ्लुओरोकार्बन नायलॉनपेक्षा दीडपटीहून जास्त दाट असतं, त्यामुळे त्याच सुरासाठी तार बारीक लागते आणि आवाज जास्त उजळ येतो. तिसरी तार नायलॉनची असेल तर ती बरेचदा भोपळ्यासारखी वाजते, तिथे कार्बन कामाला येतं. पण तिन्ही पातळ तारा कार्बनच्या आणि गिटार सायप्रसची असेल तर झगझगाट होणारच. घासून एकसारखी जाडी केलेलं खरखरीत नायलॉन मिळतं, त्याचा आवाज पहिल्यापासून मवाळ आणि कोरडा असतो. काळं नायलॉनही बऱ्याच फ्लामेंको वादकांना आवडतं.

अर्थात कोरडा आवाज म्हणजेच खरा फ्लामेंको, असं छातीठोक सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. मोरोन दे ला फ्रोंतेराचे दिएगो देल गास्तोर (१९०८ ते १९७३) ऐका. अंगठ्याचं काम, मोजके सूर, मध्ये भरपूर शांतता. मग पाको दे लुसियाचं 'एन्त्रे दोस आग्वास' ऐका. किंवा ५ डिसेंबर १९८० ला सॅन फ्रान्सिस्कोत जॉन मॅक्लॉफलिन आणि अल दि मिओला यांच्यासोबत केलेली त्याची मैफल. मॅक्लॉफलिन म्हणजे आपल्या झाकीर हुसेन यांच्यासोबत 'शक्ती' उभा करणारा तोच. तिथे प्रत्येक सूर वेगात आणि लखलखीत सुटा ऐकू यायला हवा, तिथे जरा ताज्या तारा मदतच करतात. नाचाला साथ करणाऱ्याला मळलेल्या तारा हव्यात, एकल वाजवणाऱ्याला कदाचित नकोत. तुम्ही काय वाजवता त्यावर ठरवा.

ठरवण्याआधी एक चाचणी नक्की करा. वाजवणाऱ्याचा कान गिटारच्या वर आणि अगदी जवळ असतो, आवाज मात्र समोर जातो. मित्राला दुसऱ्या टोकाला बसवून तुमची गिटार वाजवायला सांगा, किंवा फोन दोन मीटरवर ठेवून रेकॉर्ड करा. जो च्वीक तुम्हाला छळतो, तो समोरच्याला बऱ्याचदा ऐकूच येत नाही.

उलट बाजूही आहेच. काही जण जुना आवाज आवडतो म्हणून तारा वर्षभर बदलत नाहीत. एक मर्यादा पाळा. मोकळी तार आणि तिचाच बाराव्या फ्रेटवरचा सूर वाजवा. हा वरच्या सप्तकातला तोच सूर असतो. पूर्वी तो बरोबर जुळत असेल आणि आता जुळत नसेल, तर तारेची जाडी जागोजागी बदललेली आहे आणि ती कितीही सुरात आणली तरी बेसूरच वाजणार. तारेच्या खालून नख फिरवा, फ्रेटच्या जागी खोल खाच लागली किंवा गुंडाळी फाटून आतले पांढरे तंतू दिसले, तर ती काढाच.

काढलेल्या तारांपैकी धडधाकट असतील त्या फेकू नका. गुंडाळून पाकिटात ठेवा, वर तारीख लिहा. कार्यक्रमाच्या दिवशी चौथी तार तुटली तर कोरी तार लावून तासभर सूर धरत बसण्यापेक्षा ही आधी ताणलेली, मळलेली तार लावा. ती काही मिनिटांत सुरात थांबते आणि बाकीच्या पाचांमध्ये वेगळीही वाजत नाही.